पाण्याचे वजन आणि साखरेचा दाणा



हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याच्या माणसाला बांधाबांधावर एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो. जानेफळ गटात तो आम्ही अनेकदा ऐकला. "साहेब, तोडणीच्या आधी पाणी बंद करा म्हणता. काट्यावर तं पैसे वजनाचे मिळतात. मंग वजन घटवून आमचा काय फायदा?" प्रश्न रोखठोक आहे आणि त्यात खोटे काही नाही. आजवर आम्ही "उतारा वाढतो" एवढे सांगून पुढच्या बांधाला लागत आलो. हे उत्तर अपुरे होते, हे आम्ही कबूल करतो. आज जरा बैठक मारून बोलू.

बर्फ, पाणी, वाफ हा धडा आपण सर्वांनी शाळेत घोकला. साखर कारखाना म्हणजे दुसरे काही नाही, हाच धडा मोठ्या भांड्यांत गिरवणे. उसाच्या शंभर भागांत सत्तरच्या आसपास पाणीच असते. त्या पाण्याची वाफ करून ते उडवायचे आणि त्यात विरघळलेली साखर दाण्याच्या रूपात बाहेर काढायची, एवढेच काम. पण यातली कोणतीही पायरी फुकट होत नाही.

हिशेब करून पाहा. शंभर किलो रसात पंधरा किलो विरघळलेला भाग आणि पंच्याऐंशी किलो पाणी आहे असे धरा. शंभरात साठ भाग घट्ट असा पाक करायचा म्हटले की फक्त पंचवीस किलो पाक उरतो. पंचाहत्तर किलो पाणी वाफ होऊन गेले. आता पाणी तापवणे वेगळे आणि पाण्याची वाफ करणे वेगळे. बर्फासारखे गार पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेपाच पट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. चुलीवर आधणाला उकळी लवकर फुटते, पण भांडे आटायला किती वेळ जातो, हे घरातल्या बायांना विचारा.

एवढे पाणी नुसत्या जाळावर उडवायचे तर चिपाड पुरलेच नसते. ही अडचण नॉर्बर्ट रिल्यू या गृहस्थाने सोडवली. त्याचा जन्म १८०६ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला झाला. आई कृष्णवर्णीय, त्यामुळे त्या काळच्या समाजात त्याला बरोबरीचे स्थान नव्हते. त्याने १८४३ साली पेटंट घेतले. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ वाया न घालवता दुसऱ्या भांड्याखाली न्यायची आणि दुसऱ्यातला दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी उष्णतेवर उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला. कारखाना पाहायला आलात की ओळीने उभी असलेली उंच भांडी दिसतात, ती याच विचाराची. तरीही पाणी ते पाणी. तोडणीच्या आठ दिवस आधी दिलेली पाळी तुमच्या काट्यावर वजन दाखवते खरी, पण ती वाफ करून उडवायला आपलेच चिपाड जळते.

आता साखरेकडे वळू. चहात साखर "वितळली" असे आपण म्हणतो, ते बरोबर नव्हे. ती विरघळते. कोरड्या तव्यावर साखर टाकली तर ती वितळते, आणि वितळता वितळता तांबूस होऊन करपते. म्हणून कारखान्यात पाक व्हॅक्यूम पॅनमध्ये, हवा काढून, साठ-सत्तर अंशांवर शिजवतात. पाक इतका घट्ट होतो की साखरेला विरघळून राहायला जागा उरत नाही आणि ती दाणा धरते. गुऱ्हाळात उघड्या काहिलीत हे करता येत नाही. तिथे रस दाटत जाईल तसा उकळीचा अंश चढतो आणि एकशे पंधराच्या पुढे गेल्यावर गूळ उतरवतात.

पण प्रत्येक गोड रस दाणा धरत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. ऊस तोडून पडला की त्यातली साखर फुटू लागते. एका साखरेच्या दोन होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. जिभेला दोन्ही गोडच. मात्र पॅनमध्ये त्यांचा दाणा होत नाही, आणि चांगल्या साखरेलाही त्या काही प्रमाणात मळीतच अडकवून ठेवतात. जुने गुळवे शिळा ऊस गुऱ्हाळावर का घेत नसत? गूळ धरत नाही, चिकट राहतो म्हणून. जळिताचा आणि कोवळा ऊस यांचीही हीच रड.

शिवाय तोडलेला ऊस सुकतो. वाफ व्हायला उकळीच लागते असे नाही. शेजारचे लोणार सरोवर पाहा. त्यातले पाणी वाहून जायला बाहेर वाट नाही. उन्हाने जेवढे उडेल तेवढेच जाते आणि खार मागे राहतो. जून २०२० मध्ये पाणी उतरून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले, ते बघायला आपल्यातले कितीतरी जण गेले असतील. फडात किंवा गाडीवर पडून राहिलेल्या मोळीतूनही पाणी असेच गुपचूप निघून जाते. काट्याच्या आधी गेलेले वजन तुमचे, काट्यानंतर फुटलेली साखर सगळ्यांची.

पैशाचे बोलू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा खाली गेला तर तेवढीच घट, आणि साडेनऊला पोचल्यावर घट थांबते. हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो. सबब, शेवटची पाळी देणाऱ्याला वजनाचा लाभ एकट्याला मिळतो आणि उताऱ्याची तूट सर्वांच्या पदरात पडते. ज्याने प्रामाणिकपणे पंधरा-वीस दिवस पाणी बंद ठेवले, तो दोन्हीकडून मार खातो.

आणि त्याचे दुःख इथेच संपत नाही. त्याने पाणी बंद केले, पण टोळीच आली नाही तर? उभा ऊस वाळतो, दशी पडते. असे घडते, आणि तेव्हा दोष शेतकऱ्याचा नसतो, आमचा असतो. पुढच्या वर्षी तो आमचे ऐकत नाही, यात नवल ते काय?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नुसता उपदेश बंद करावा आणि कारखान्याने आधी स्वतःला बांधून घ्यावे. तोडणीची तारीख सभासदाला तीन आठवडे आधी लेखी मिळावी. त्या तारखेनंतर आठ दिवसांत टोळी पोचली नाही तर हलकी पाळी देण्याची मुभा असावी आणि घटलेल्या वजनापोटी काही रक्कम देण्याचा विचार संचालक मंडळाने करावा. तोडीपासून काट्यापर्यंत चोवीस तासांवर गेलेल्या गाडीची नोंद रोज फळ्यावर लागावी, मग ती कोणाचीही असो. या सूचनेने आमच्याच खात्याचे काम वाढेल आणि चुकाही उघड्या पडतील, हे जाणून लिहीत आहोत.

जानेफळ गटापासून सुरुवात करावी असा आमचा प्रस्ताव आहे. तोवर आमचे कर्मचारी हातातले ब्रिक्समीटर घेऊन फडात येतील. शेंड्याकडच्या आणि बुडख्याकडच्या कांडीचा एकेक थेंब काचेवर टाकून स्वतः डोळा लावून पाहा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर ऊस पिकला. शेंड्याचा आकडा बराच खाली असेल तर त्या दिवशी आमच्या माणसाला तोडणीची चिठ्ठी मागू नका, आणि त्यानेही ती देऊ नये.