टेप रोबोट लावतो, पण कुठली?

"काय, मेनफ्रेम मिळालं? अरेरे!" कॅम्पसमधून सिलेक्ट झालेल्या सीनियर्सना ट्रेनिंग संपताना हे हमखास ऐकावं लागतं. त्यातून टेप स्टोरेज वाट्याला आलं तर विचारूच नका! घरातल्या कॅसेटी कधीच माळ्यावर गेल्या, मग या टेप अजून कशाला, असं आपल्याला वाटतं. माझं मत मात्र उलट आहे. नियम लिहिताना किती जबाबदारीने लिहावे लागतात हे शिकायचं असेल, तर मेनफ्रेमवरच्या 'सिस्टीम-मॅनेज्ड टेप'सारखा मास्तर नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. टेप मेलेली नाही. आयबीएमचा पहिला टेप ड्राइव्ह १९५२चा, पण २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ च्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे काही जीमेल खाती रिकामी झाली, तेव्हा गूगलने ती मेल टेपवरूनच परत आणली.

पूर्वी कुठलं उपकरण, कुठली टेप, हे प्रोग्रामर आपल्या जेसीएलमध्ये लिहायचा. ऑपरेटर कन्सोलवरचा मेसेज वाचून रॅकमधून टेप काढायचा आणि लावायचा. नवे ड्राइव्ह आले की ढीगभर जॉब बदलत बसा! १९८०च्या दशकाच्या शेवटी आयबीएमने एसएमएस आणलं. मोबाइलवरचं नव्हे हं, 'स्टोरेज मॅनेजमेंट सबसिस्टीम'! आता डेटा कुठे जाणार हे प्रोग्रामरने नाही, तर एका जागी लिहिलेल्या नियमांनी ठरवायचं.

हे नियम स्टोरेज अॅडमिनिस्ट्रेटर लिहितो. आयएसएमएफच्या स्क्रीनवर तो टेप लायब्ररीची व्याख्या करतो आणि तिला स्टोरेज ग्रुपशी जोडतो. एका ग्रुपला आठपर्यंत लायब्ररी जोडता येतात. मग एसीएस रुटीन्स येतात. त्यांचा क्रम ठरलेला असतो: डेटा क्लास, स्टोरेज क्लास, मॅनेजमेंट क्लास आणि शेवटी स्टोरेज ग्रुप. स्टोरेज क्लास मिळाला नाही तर तो डेटासेट एसएमएसच्या हाताबाहेरच राहतो. लायब्ररीशी बोलायचं काम ओएएम करतं. त्याचा अॅड्रेस स्पेस चालू नसेल तर लायब्ररी असून नसल्यासारखी.

खरी गंमत पुढे आहे. एसीएस रुटीनमध्ये जी अट आधी जुळते तीच चालते. समजा, वर लिहिलं की 'प्रॉड'ने सुरू होणारे सगळे डेटासेट इथल्या लायब्ररीत जावेत, आणि त्याच्या खाली लिहिलं की 'प्रॉड.बॅकअप' दुसऱ्या शहरातल्या लायब्ररीत जावेत. दुसरी ओळ कधीच चालणार नाही! एरर येत नाही, जॉब शून्य रिटर्न कोडने संपतो, सगळे खूश. बॅकअप मात्र मूळ डेटाच्याच इमारतीत पडून आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुराबद्दल ज्याने घरी ऐकलंय, त्याला यातला धोका वेगळा सांगायला नको.

नवं कॉन्फिगरेशन लागू करण्याआधी 'व्हॅलिडेट' करता येतं, पण त्यात फक्त व्याख्या एकमेकींशी जुळतात का ते कळतं. बँकेला कुठला डेटा कुठे हवा होता, हे मशीनला कुठून कळणार? म्हणून आयएसएमएफमध्ये टेस्ट केस चालवायची सोय दिली आहे. अमुक नावाचा डेटासेट कुठल्या ग्रुपमध्ये जाईल ते आधी बघा, मगच 'अॅक्टिव्हेट' करा. सोय आहे, पण ती वापरायचा कंटाळा आपणच करतो!

कोणी म्हणेल, आता क्लाउड आहे, हे जुनं कशाला? अहो, क्लाउडमधले लाइफसायकल रूल्स तरी वेगळे काय आहेत? अमुक नावाच्या फाइल्स अमुक दिवसांनी तिकडे हलवा, हीच कल्पना. नियम चुकला तर तिथेही मशीन तो इमानदारीने पाळणारच. ऑटोमेशन आलं की माणसाचं काम संपतं, हे मला पटत नाही. ऑपरेटरने चुकीची टेप लावली तर एक जॉब बिघडायचा, नियमातली एक ओळ चुकली तर रोज रात्री हजार डेटासेट चुकीच्या जागी जातील.

आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लॅबमध्ये एक असाइनमेंट यावी असं मला वाटतं. वीस फाइल्सची नावं द्या, तीन स्टोरेज ग्रुप द्या, नियम लिहायला सांगा आणि दुसऱ्या ग्रुपकडून टेस्ट केस लिहून घ्या. मेनफ्रेम नसला तरी चालेल, कागद-पेन्सिल पुरे. आणि पुढच्या वर्षी तुम्हाला मेनफ्रेम मिळालंच, तर "अरेरे" म्हणायच्या आधी ती रुटीन्स एकदा वरून खालपर्यंत वाचून बघा.