बेवारस गोणी

गेल्या जुलैत प्रथम वर्षाच्या वर्गावर म्हणी शिकवीत होतो. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण फळ्यावर लिहिली आणि सवयीने विचारले, “उकिरडा कोणी कोणी पाहिला आहे?” साठ-पासष्ट मुलांत चार हात वर झाले. डोंबिवलीच्या एका मुलीने धीर करून विचारले, “सर, उकिरडा म्हणजे डंपिंग ग्राउंड ना?” मी हो म्हणणार होतो, घड्याळी तासात हो म्हणणे नेहमीच सोयीचे असते. इतक्यात मागच्या बाकावरून शहापूरकडचा एक मुलगा म्हणाला, “नाही सर. उकिरडा आपापला असतो.”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्याच्या दोनच महिने आधी, मे महिन्यात, हाच धडा मी माझ्या सख्ख्या मामांकडून शिकून आलो होतो, आणि तोही खांद्यावर गोणी घेऊन.

माझे आजोळ मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या वाटेवर. चार दिवस राहायला म्हणून आम्ही सहकुटुंब निघालो, तेव्हा आमचे सामान पाहून कोणालाही वाटले असते की मंडळी वाळवंटात निघाली आहेत. “गावच्या पाण्याने मुलांची पोटं बिघडतात,” असे म्हणून सौभाग्यवतींनी पाण्याच्या बाटल्यांचे दोन गठ्ठे घेतले होते. मुलांनी आपल्या आवडीच्या वेफर्सची पाकिटे, मी मामांसाठी बिस्किटांचे पुडे आणि मामींसाठी प्लास्टिकच्या डब्यांतली मिठाई. ज्या विहिरीचे पाणी पिऊन माझी आई वाढली, त्या विहिरीच्या काठावर बसून आमची मुले बाटलीतले पाणी प्याली. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माठावरचे फडके नीट केले.

घरामागचा उकिरडा मला लहानपणापासून ठाऊक. त्या शब्दाचे कूळ जुने आहे. प्राकृतात ‘उक्कुरुड’ असा शब्द सापडतो, म्हणजे दीड-दोन हजार वर्षे तरी आपण त्याला जवळजवळ याच नावाने हाक मारीत आलो. शेण, गोठ्यातली झाडलोट, चुलीतली राख, भाजीची देठे, सगळे तिथे पडायचे आणि पावसाआधी बैलगाडीतून शेतावर जायचे. या खेपेला उकिरड्याच्या जागी विटांचा एक हौद दिसला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. आणि भिंतींना जागोजाग भोके. मी म्हणालो, “मामा, गवंडी विटा ठेवायला विसरला वाटतं.”

“विसरला नाही, मुद्दाम ठेवल्या नाहीत. आतल्याला श्वास नको घ्यायला? हा नाडेप आहे.”

नाडेप! मी भाषेचा माणूस. कोठल्या तरी सरकारी योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे हे कडबोळे असणार, असा मी तर्क केला. घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळले की ही आद्याक्षरे एका माणसाची आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. थोडे शेण आणि पुष्कळ काडीकचरा यांतून भरपूर खत कसे निघेल, यासाठी त्यांनी ही पद्धत बसवली आणि लोक त्यांना ‘नाडेप काका’ म्हणू लागले. ‘नादेप’चे ‘नाडेप’ झाले ते रोमन लिपीतून फिरून आल्यामुळे असावे. आपला माणूससुद्धा परदेशी उच्चार करून आला की आपण त्याला जास्त मानतो, त्यातलेच हे.

मामांनी मला नुसते पाहू दिले नाही. धोतर गुंडाळायला सांगितले (माझ्याकडे लेंगा होता, तो गुंडाळला) आणि हौद भरायला लावले. आधी सहा इंच पालापाचोळा. त्यावर चार-पाच किलो शेण पुष्कळ पाण्यात कालवून शिंपडायचे. त्यावर चाळलेल्या मातीचा थर. पुन्हा पाला, पुन्हा शेणकाला, पुन्हा माती. हौदाच्या काठावर दीड फूट चढेपर्यंत. मग वरून शेणमातीने लिंपून टाकायचे. दोन-तीन आठवड्यांत तो ढीग खाली बसतो, की पुन्हा भरायचा आणि पुन्हा लिंपायचा. भेग पडली तर बुजवायची. तीन-चार महिन्यांनी सुमारे तीन टन खत. पाऊस आत जाऊ नये म्हणून मामा वर पेंढ्याचे छप्पर करणार होते. “पूर्वी निम्मा पाला राबात जाळायचो,” ते म्हणाले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तो आमच्याकडचा राब. “आता जाळताना हात आखडतो.”

इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची जी पद्धत बसवली, तिचे पुस्तक 1931 साली निघाले. त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. हॉवर्ड जगभर गाजले. वाडांचे नाव मी स्वतः चाळिशी उलटल्यावर प्रथम वाचले. आणि आमचे अप्पा पटवर्धन! एम. ए. झालेला हा विद्वान माणूस गांधीजींच्या वाटेने गेला आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारे संडास बांधीत बसला. आम्हीही एम. ए.च. आम्ही त्यांचे चरित्र वाचतो.

आता मूळ गोष्ट. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मुलांच्या हातांवर मामींनी दही ठेवले, सौभाग्यवतींची ओटी भरली. आणि मामांनी पडवीतून एक तांदळाची जुनी गोणी आणून माझ्यापुढे ठेवली. मला वाटले, घरचा तांदूळ. उचलून पाहिली तर हलकी, आणि आतून कुरकुर आवाज.

“हे तुमचं,” मामा म्हणाले. “केळीच्या साली, आंब्याच्या कोयी, सूनबाईंच्या वेण्या, सगळं हौदात ठेवून घेतलं. हे तेवढं आमच्या हौदात मरत नाही. आणि म्हशीनं खाल्लं तर म्हैस मरते.”

गोणीत सव्वीस बाटल्या होत्या; मामांनी मोजल्या होत्या. शिवाय वेफर्सची पाकिटे, बिस्किटांची वेष्टने, मिठाईचे डबे.

मामींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. “अहो, पाहुण्याच्या हातात असं कोणी देतं का?”

“पाहुणा कुठला? भाचा आहे,” मामा म्हणाले.

मामांच्या आवाजात राग नव्हता, हेच अवघड होते. त्यांच्या गावाच्या वेशीवर 2000-01 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची जुनी पाटी अजून आहे. पण पाटीखालच्या नाल्यात गुटख्याच्या पुड्याही आहेत. शेजारच्या आळीत संध्याकाळी असली वेष्टने जाळतात, त्याचा धूर आम्ही चारही दिवस घेतला होता. गावाच्या दुकानातही तेच पुडे टांगलेले असतात. मामांना एवढेच ठाऊक होते, की जे आपल्या अंगणात कुजत नाही ते आणणाऱ्याने परत न्यावे.

एस. टी.च्या वाहकाने विचारले, “गोणीत काय आहे?” मी म्हणालो, “घरचं आहे.” खोटे नव्हते. कल्याणला उतरलो. लोकलमध्ये एका गृहस्थाने मला भंगारवाला समजून पाय आत घेतले. डोंबिवलीच्या फलाटावर मात्र माझा धीर सुटला. एका बाकाखाली गोणी सरकवावी आणि चालते व्हावे, असा विचार मनात पक्का झाला. तेवढ्यात वरून घोषणा झाली, की कोणत्याही बेवारस वस्तूला हात लावू नये, पोलिसांना कळवावे. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत होत्या. मी गोणी पुन्हा खांद्यावर घेतली.

बाटल्यांचे रद्दीवाल्याने वजनावर पैसे दिले. फार नव्हेत, पण दिले. डबे घासून घरी ठेवले. राहिली ती चकचकीत पाकिटे. ती रद्दीवाला घेईना. “साहेब, याच्यात दोन-तीन थर असतात, याला कोणी विचारत नाही,” असे सांगून तो गेला. म्हणजे उरली घंटागाडी. गाडीत टाकले की आपले कर्तव्य संपले, अशी माझी वीस वर्षांची समजूत. पण सव्वीस बाटल्या वाहून आणलेल्या माणसाला पुढचाही पत्ता विचारावासा वाटतो.

तो पत्ता कित्येक वर्षे आधारवाडी असा होता. कल्याणच्या खाडीकडेला, दुर्गाडीपासून फार दूर नसलेला तो डोंगर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. न पाहता वासाने तर ओळखला असेलच. उन्हाळ्यात तो पेटायचा आणि त्याचा धूर कल्याणच्या वस्त्यांवर पसरायचा. कचऱ्याची नीट व्यवस्था नाही म्हणून 2015 साली उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांनाच बंदी केली. ती पुढच्या वर्षी उठली. 2020 मध्ये महापालिकेने ओला-सुका वेगळा केल्याशिवाय कचरा घ्यायचा नाही, असा हट्ट धरला. त्या मोहिमेचे उपायुक्त रामदास कोकरे हे वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी असताना तिथे घरोघरचा कचरा वेगवेगळा करून घेऊन दाखवलेले अधिकारी. तेव्हा आमच्या सोसायटीच्या सभेत या सक्तीविरुद्ध सर्वांत लांब भाषण कोणी केले, हे इथे लिहायला हरकत नाही: मीच. 2021 च्या मे महिन्यात आधारवाडीवर कचरा टाकणे बंद झाले. पांग फिटायला बारा वर्षांहून बरीच जास्त लागली.

ठाण्याची गोष्ट निराळी नाही. ठाण्याचा कचरा दिव्याला जाई. तिथे ओरड झाली, तेव्हा 2023 मध्ये तो भंडार्लीला नेऊ लागले. भंडार्ली हे गाव. तिथल्या लोकांनीही विरोध केला. मग भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीचे नाव निघाले. तेही गावच. आमच्या घरातून निघालेली गोणी कोणाच्या ना कोणाच्या मामाच्या अंगणात जाऊन पडते. फरक इतकाच, की त्या मामाला ती परत कोणाच्या हातात द्यायची हे ठाऊक नसते.

सौभाग्यवतींनी यावर भाषण केले नाही. त्यांनी गॅलरीत एक पिशवी टांगली आणि महिनाभराची पाकिटे तीत भरली. महिन्याअखेर ती सर्वांसमोर जमिनीवर पसरली. निम्म्याहून जास्त वेफर्सची, उरलेली माझ्या चहाबरोबरच्या बिस्किटांची. मुलांनी ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवले. तेव्हापासून बिस्किटे बेकरीतून डबा घेऊन आणतो. शेंगदाणे आणि डाळी कापडी पिशव्यांतून येतात, आणि वाणी दर खेपेला “कॅरीबॅग देऊ का?” असे विचारतो, 2018 सालची बंदी जणू चंद्रावर लागू झाली होती. ओल्या कचऱ्याचा पहिला प्रयोग फसला. मी पाणी फार घातले, अळ्या झाल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी “प्रोफेसर, तुमच्याकडे काही मेलं आहे का हो?” असे विचारायला वर आल्या. मग भोके पाडलेली कुंडी, नारळाच्या शेंड्या आणि सुका पाला यांच्यावर जमले. पाकिटांची पिशवी अजून भरते, पण आता तिला दोन महिने लागतात.

भाद्रपदात गणपतीला पुन्हा आजोळी गेलो. या खेपेला पाणी विहिरीचे, आणि फराळ स्टीलच्या डब्यांत. विसर्जनानंतरचे निर्माल्य मामांनी हौदात घातले, तेव्हा मला पुष्पदंत गंधर्वाची कथा आठवली. निर्माल्य ओलांडले म्हणून त्या बिचाऱ्याची शक्ती गेली. मी मामांना विचारले, “निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणतात. हौदात चालतं?” मामा म्हणाले, “शेतात जाईल, भात होईल, पुन्हा नैवेद्याला येईल. पायदळी कुठं आलं?”

मे महिन्यात मी लेंगा गुंडाळून भरलेला हौद त्या दिवशी फोडला. काळे, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसाच्या मातीचा. त्यात मी घातलेला पाला कुठला, हे ओळखू येईना. निघताना मामींनी आमचे डबे परत दिले. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. एकात तांदूळ होता, एकात वालाचे बिरडे. तिसरा, चकलीचा, चांगलाच जड लागला.

“तुळशीला घाला,” मामा म्हणाले.

लोकलमध्ये तो डबा मी मांडीवर घेऊन बसलो होतो. सौभाग्यवतींचे म्हणणे, तो डबा आता चकलीला वापरायचा नाही. माझे म्हणणे, घासला की झाला. दिवाळी तोंडावर आली आहे, चकल्यांची भाजणी दळून आली आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.