तिकीट नेमकं कशाचं?

गेल्या फेब्रुवारीत पुतण्याने पुण्यातल्या एका बिअर महोत्सवाची दोन तिकिटं काढली. एक त्याचं, एक माझं. माणशी ८०० रुपये! "काका, एकदा बघा तरी," म्हणाला. मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला, घोडनदीकाठचा. नोकरीपायी पुणेकर झालेला. बिअर मला अगदीच वर्ज्य नाही, पण तिच्या दारात उभं राहण्यासाठी पैसे मोजायची वेळ पहिल्यांदाच आली होती. आत गेल्यावर कळलं, की हे ८०० रुपये नुसते आत येण्याचे. ग्लासाचे पैसे वेगळे, तेही कुपनं घेऊन, आणि उरलेल्या कुपनांचे पैसे परत नाहीत. गाणी इतकी मोठ्याने, की पुतण्याशी खुणांनी बोलावं लागत होतं.

तरीही दहा मिनिटं मजेत गेली, हे कबूल करायला हवं. एका कोपऱ्यात स्वतः बिअर बनवणारा एक तरुण उभा होता. त्याने गव्हाच्या बिअरचा घोटभर नमुना पुढे केला. पिकल्या केळ्याचा आणि किंचित लवंगेचा वास! "यात केळं नाही, लवंगही नाही. हा वास यीस्टमुळे येतो," तो म्हणाला. आमच्याकडे भाकरीच्या चवीवरून जात्याचं दळण ओळखणारी माणसं होती, त्यांची आठवण झाली. पण मागच्या रांगेने आम्हाला पुढे ढकललं आणि संवाद संपला.

मद्याची भलामण हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न तिकिटाचा आहे. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट १८१० मध्ये एका राजपुत्राच्या लग्नानिमित्त सुरू झाला. जगातल्या या सर्वांत प्रसिद्ध बिअरजत्रेच्या मैदानात शिरायला आजही तिकीट लागत नाही. प्याल तेवढ्याचे पैसे द्यायचे. अमेरिकेत १९८२ पासून भरणाऱ्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलला तिकीट आहे, पण नाना प्रकारच्या बिअरचे घोट त्यातच येतात. दोन्ही व्यवहार सरळ आहेत. आपल्याकडे मात्र फाटकावरही पैसे आणि आतही पैसे, असा तिसराच प्रकार रूढ होऊ पाहतो आहे. म्हणजे आपण दुकानात शिरण्याची फी भरतो!

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. चैत्रातल्या यात्रेची वर्गणी, २००० रुपये. मी सवयीने कुरकुरलो, "अरे, एका दिवसासाठी येणार मी, त्याचे दोन हजार?" पोराने त्याला सगळं सांगितलेलं असावं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, पुण्यात तिकीट काढताना असा हिशेब विचारला होता का?" मला उत्तर सुचलं नाही.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या यात्रांचा हिशेब जवळच्याच नारायणगावात ठरतो. तमाशाची पंढरीच ती! पाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. एरवी तंबूत तिकिटावर खेळ करणारा फड यात्रेत सगळ्यांना फुकट दिसतो. वर्गणी न दिलेला शेतमजूर आणि वाट चुकून आलेला परगावचा पाहुणाही तिथे मांडी घालून बसतो. वर्गणी देणारा त्या रात्रीपुरता यजमान असतो. तिकीट काढणारा फक्त गिऱ्हाईक.

अर्थात यात्रेचे गोडवे गाऊन भागत नाही. वर्गणीला सक्तीची धार असते. बाजारभाव पडलेल्या वर्षी ती शेतकऱ्याला कापते. आणि पंचांनी सुपारीत केलेली घासाघीस शेवटी कलावंताच्याच ताटातून जाते. नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं, पण २००२ मध्ये त्या गेल्या तोवर त्यांचे अखेरचे दिवस हलाखीतच सरले. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा फड कर्जात बुडाले. फुकट पाहिलेल्या खेळाचीही किंमत कुणीतरी मोजतच असतं.

म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. महोत्सव बिअरचा असो, वाइनचा असो की द्राक्षांचा, दोनच गोष्टी विचारायच्या. तिकिटात चव घेणं येतं का? आणि बनवणाऱ्याशी, पिकवणाऱ्याशी निवांत बोलता येतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ८०० रुपयेही जास्त नाहीत. जुन्नरच्या एखाद्या बागायतदाराने बागेत हिंडवून, वेलीवरचा घड हाती देऊन पैसे मागितले, तर मी ते आनंदाने देईन. उत्तर 'नाही' असेल, तर आपण कुंपणाचे पैसे देतो आहोत असं समजावं.

वर्गणी मी पाठवली, या वेळी न कुरकुरता. पुतण्यालाही यात्रेला घेऊन गेलो. पहाटे तमाशा संपल्यावर त्याने विचारलं, "काका, या लोकांना सुपारी किती मिळाली?" महोत्सवात हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नव्हता.