पुरावा सरकारने द्यायचा, शिक्षा शिपायाने भोगायची

पोलिसांची बढती अडली तर आपले काय बिघडले, असा प्रश्न महाडच्या बाजारपेठेत कोणीही विचारेल. आपल्या समाजात तर पोलीस ठाण्याची पायरी शक्यतो चढूच नये, अशी शिकवण. तरीही हा प्रश्न आपला आहे, असे मी म्हणतो.

राज्य लोकसेवा आयोगाने 2016 साली पोलीस उपनिरीक्षकपदासाठी खात्यांतर्गत मर्यादित परीक्षा घेतली. जागा 828. नोकरीत असलेल्या शिपाई-हवालदारांनी बंदोबस्त सांभाळून अभ्यास केला. निवड झालेल्यांचे नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण पूर्ण झाले. आणि ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांपैकी मागासवर्गीय 154 जणांना मूळ पदावर परत जाण्याचा आदेश निघाला. बढतीत आरक्षण देता येत नाही, असा निर्णय महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे मॅटने, दिला होता. गाजावाजा झाल्यावर सरकार त्यांच्या मदतीला धावले. पण उपनिरीक्षक होऊन निघालेल्या माणसाला पुन्हा शिपाई म्हणून घरी जावे लागणे, ही नामुष्की कोणत्या आदेशाने पुसणार?

यात मॅटला दोष देणे सोपे आहे. दाद मागायला गेलेले उमेदवारही पोलीसच होते. त्यांचाही हक्काचा प्रश्न होता. चूक कुठे झाली, ते तारखा सांगतात.

राज्याने आरक्षणाचा कायदा 2001 मध्ये केला आणि 25 मे 2004 च्या शासन निर्णयाने बढतीत आरक्षण लागू केले. ऑक्टोबर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. नागराज खटल्यात अट घातली : बढतीत आरक्षण द्यायचे तर त्या वर्गाचे प्रतिनिधित्व अपुरे आहे, हे आकडेवारीने दाखवा. 4 ऑगस्ट 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला, कारण अशी आकडेवारी सरकारने पुढे ठेवलेली नव्हती. मधल्या अकरा वर्षांत सरकारे बदलली, मोजणी काही झाली नाही. पुढे राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने सगळ्या बढत्या सेवाज्येष्ठतेवर सोडून मोकळे झाले. आरक्षण योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. मोजायचे काम सरकारचे होते. ते त्याने केले नाही आणि किंमत शिपायाने मोजली.

कोर्टात पुराव्याचे वजन काय असते, हे महाडकरांना सांगायला नको. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्याविरुद्ध महाडच्याच कोर्टात दावा दाखल झाला. तो उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी निकालात निघाला. अस्पृश्यांना मनाई करणारी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. तेव्हा पुराव्याअभावी अन्याय हरला. 2017 मध्ये पुराव्याअभावी न्यायाचा दावा हरला. आणि या वेळी पुरावा गोळा करण्याची सगळी यंत्रणा दावेदाराच्याच हातात होती!

आपल्या समाजाने हे नीट ध्यानात घ्यावे. सच्चर समितीचा अहवाल 2006 चाच. आपण मागे आहोत हे आपण ओरडून सांगत होतो, त्या समितीने ते आकड्यांत मांडले, म्हणून देशाला ऐकावे लागले. 2014 मध्ये राज्याने मुस्लिमांतील मागास घटकांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणापुरता भाग चालू ठेवला, नोकऱ्यांचा थांबवला आणि पुढे अध्यादेशच संपला. घोषणा, आदेश, टाळ्या आणि मग कोर्टात रिकामे हात : ही वाट आपल्या ओळखीची आहे. जखम वेगळ्या समाजाची असली तरी हत्यार तेच.

पोलादपूरहून आंबेनळी आणि कशेडी या दोन्ही घाटांत पावसाळ्यात रात्रभर उभा राहणारा शिपाई कोणत्याही जातीधर्माचा असो, आपली बढती नियमाने होईल, असा भरवसा त्याला हवा. तो भरवसा तुटला की माणूस कायद्याऐवजी साहेबाकडे आणि पुढाऱ्याकडे बघू लागतो. मग ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या तुमच्या-माझ्यासारख्याला काय वागणूक मिळणार?

म्हणून मागणी सरळ आहे. पोलीस खात्यात कोणत्या पदावर कोणत्या वर्गाचे किती लोक आहेत, याची मोजणी सरकारने दरवर्षी जाहीर करावी; अल्पसंख्याकांचीही. बढती नाकारली तर कारण लेखी द्यावे. आणि प्रशिक्षणाला पाठवण्याआधी निवड कायद्यात बसते का, हे तपासावे. आमच्या आमदार-खासदारांनी पुढच्या वेळी मोहल्ल्यात यावे, तेव्हा आश्वासन नको. ही आकडेवारी हातात घेऊन यावे.