रोगाआधीची तजवीज

खटाव-माणच्या दुष्काळी मुलखात पाण्याचा टँकर आणि अतिसाराचा रोगी बहुधा एकाच ऋतूत दारी येतात, परंतु त्यांची दप्तरे निरनिराळ्या कचेऱ्यांत राहतात. ही फारकत उन्हाळा तोंडावर असताना तपासावी, या हेतूने आम्ही प्रस्तुत अंक रोगप्रतिबंधास वाहिला आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आपल्यासारख्याच अवर्षणग्रस्त जामखेडला गेले, तेव्हा ग्रामस्थांची निकड औषधापेक्षा अन्नपाण्याची आहे हे ओळखून त्यांनी कूपनलिका, बालकांचा आहार आणि (हे आम्हांस सर्वांत धाडसाचे वाटते) गावातीलच निरक्षर स्त्रीच्या हाती आरोग्याचा कारभार, अशी परस्परावलंबी व्यवस्था उभारली. प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार करणारी अल्मा-आटाची जागतिक परिषद भरली ती त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८ मध्ये! दवाखान्याची इमारत वाढविणे सोपे असते; गावाची रीत पालटणे दुष्कर, आणि म्हणूनच पुष्कळदा टाळले जाते.

या अंकात म्हणून आम्ही रुग्णालयांची जंत्री न देता पाणवठा, गटार, शाळेतील आहार आणि आशाताईंचे काम यांचा एकत्र विचार मांडला आहे. आपल्या गावी या गोष्टींची सांगड कोठे तुटते, हे वाचकांनी आम्हांस अवश्य लिहून कळवावे.