स्प्रिंग कापू नये

कलाशाखेच्या वार्षिकात मोटारीवर लेख कशासाठी, असे आमचे प्राध्यापक विचारतील. विचारोत बापडे! माझ्या मामांचे गॅरेज आहे आणि सुट्टीतले माझे बरेचसे शिक्षण तेथेच झाले. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण जुनी पद्मिनी घेऊन आला. गाडी बुटकी दिसावी म्हणून कुणीतरी तिच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगांचे वेढे कापून टाकले होते. गाडी खाली बसली होती खरी, पण प्रत्येक खड्ड्याला रबरी ठोकळ्यावर आदळत होती आणि टायर आतल्या कडेने खाल्ले गेले होते. मामा संतापले. जुनी गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी, हा त्यांचा सिद्धान्त!

स्प्रिंगेबद्दलचा त्यांचा राग मला मान्य आहे, सिद्धान्त मात्र नाही. का ते सांगायचे तर ही हौस जिथे वाढली त्या कॅलिफोर्नियात जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या शेवरोले गाड्या खाली आणू लागले. गाठीला पैसा नव्हता. कुणी डिकीत वाळूची पोती टाकी, कुणी स्प्रिंग कापी. इतर पोरे वेगामागे धावत असता ही मंडळी मुद्दाम सावकाश, मिरवत जात. सरकारला ते खुपले. १९५८ पासून तिथे कायदाच आला, की फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिंगच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. यावर १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप जोडले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली! ही बंदी उठायला १ जानेवारी २०२४ उजाडावे लागले. ज्या समाजाला पायरीवर थांबवले जाते, त्याने आपली गाडीच पायरीखाली नेली, यात मला नुसती चैन दिसत नाही.

आता थोडे यंत्राविषयी. १९६४ ची शेवरोले इम्पाला घ्या. पुढच्या चाकामागे वर एक आणि खाली एक असे दोन लोखंडी हात असतात. त्यांच्यामध्ये उभा तुकडा असतो आणि त्यावरच्या दांड्यावर चाक फिरते. बाजारात मिळणाऱ्या बदली तुकड्यात हा दांडा सुमारे दोन इंच वर घेतलेला असतो. चाक जमिनीवरच राहते, म्हणून गाडीच दोन इंच खाली येते. स्प्रिंग, हात, त्यांचे कोन सारे जिथल्या तिथे! स्प्रिंग कापली तर ती ताठ होते, तिची हालचाल आखूडते, हातांचे कोन बिघडतात, चाके वरून आत कलतात. पद्मिनीचे टायर खाल्ले गेले ते यामुळेच.

तिसरा मार्ग सर्वांत महागडा आहे. फोर्डने १९७३ मध्ये मस्टँग टू काढली. शौकिनांनी तिची यथेच्छ टवाळी केली, पण तिचे पुढचे आटोपशीर सस्पेन्शन मात्र सर्वांनी उचलले. त्या धर्तीचे संच आजही जुन्या गाड्यांना बसवतात. गाडी खाली येते, स्टिअरिंग सुधारते, पण त्यासाठी बहुधा मूळ चौकटीचा आडवा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागतो. इथे मात्र मी मामांच्या बाजूला जातो. बोल्ट खोलून परत फिरता येते, वेल्डिंगवरून परतणे फार कठीण. पोथीच्या समासात लिहिणे वेगळे आणि पान फाडून नवे चिकटवणे वेगळे.

पण ‘मूळ’ तरी कोणते? ‘जिप्सी रोझ’ नावाची गुलाबांनी रंगवलेली, खाली आणलेली एक इम्पाला २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. उद्या कुणी तिला कारखान्यातल्या उंचीवर नेऊ म्हणेल, तर तो जीर्णोद्धार म्हणायचा की विध्वंस?

मामांना हे विचारले. ते म्हणाले, “आधी आपल्या रस्त्यावरचे गतिरोधक पाहा, मग मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम पाहा, आणि मग बोल.” असो. पद्मिनीला त्यांनी जुन्या बाजारातून अखंड स्प्रिंगांची जोडी मिळवून बसवली. कापलेली जोडी अजून गॅरेजच्या दाराशी पडली आहे. दार वाऱ्याने लागू नये म्हणून तिचा उपयोग होतो.