आवाज न चढवता

अमेरिकी गायक मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम मे १९७१ मध्ये आला. शीर्षकगीत खपेल असं मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे मालक बेरी गॉर्डींना वाटत नव्हतं. अल्बमच्या आधी, जानेवारीत ते बाजारात आलं आणि त्यांचा अंदाज सपशेल चुकला. (मालकांचे असे अंदाज चुकलेलेच बरे!) गे यांचे धाकटे भाऊ फ्रँकी व्हिएतनाम युद्धातून परतले होते; अल्बमभर अशाच परतलेल्या सैनिकाच्या नजरेतून बेकारी, अमली पदार्थ, प्रदूषण दिसत राहतं. विषय जड, पण गाणी एकमेकांत अलगद मिसळत जातात. जेम्स जेमर्सनचं बेसवादन हा तर स्वतंत्र लेखाचाच ऐवज. निषेधाला आरडाओरडा लागतोच असं मानणाऱ्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा. सलग, एकही गाणं न गाळता.